नमुना नागरिक

कुरळवाडच्या पाणीपुरवठा केंद्रात शैलजा मगदूम एकोणीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होती. रोज सकाळी गावातल्या बारा नळांचं पाणी बाटल्यांत भरून यायचं. त्यातलं क्लोरीन मोजायचं, गढूळपणा मोजायचा, आकडा नोंदवायचा आणि खाली सही करायची. साठ हजार माणसं त्या सहीच्या भरवशावर पाणी प्यायची आणि त्यातल्या साठांनाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. तिला ते बरं वाटायचं.

म्हणून मार्चमधल्या एका सोमवारी पक्षनिधी आयोगाची दोन माणसं तिला शोधत केंद्रावर आली, तेव्हा तिला आधी वाटलं, पाण्याची काही तक्रार असेल.

"सोडतीत तुमची निवड झाली आहे," त्यातली बाई म्हणाली. "नमुना नागरिक म्हणून. तीन वर्षांसाठी."

"नाही म्हणता येतं का?"

"आजारी असाल तर येतं. आहात का?"

शैलजा आजारी नव्हती.

पक्षनिधीचा कायदा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पक्षांना पैसा कोण पुरवतं आणि त्याच्या बदल्यात काय नेतं, यावर देशात दोन पिढ्या नुसती चर्चा झाली होती. शेवटी संसदेने एका फटक्यात खाजगी देणग्या बंद केल्या. यापुढे प्रत्येक पक्षाचा खर्च सरकारी तिजोरीतून. पण वाटणी कशी करायची? मिळालेल्या मतांवर करावी, तर आज जो मोठा तो कायमचा मोठा. सभासदसंख्येवर करावी, तर मेलेली माणसंही सभासद होणार. आणि नेमकं त्याच सुमारास मज्जाशास्त्रज्ञांच्या एका गटाला विश्वास मोजता येऊ लागला.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याचं काम पहारेकऱ्याचं. अनोळखी पाऊल वाजलं की तो घंटा बडवतो, आणि आपल्याला काही कळायच्या आत छाती धडधडू लागते. भरवशाचं माणूस दिसलं की हाच पहारेकरी खाली बसतो. मेंदूपासून हृदयापर्यंत मज्जातंतूंची एक लांब दोरी गेलेली आहे, तिच्यावरून निरोप जातो की सावकाश घे. हे सारं सेकंदाच्या पाचव्या हिश्शात घडतं. विचार त्यानंतर जागा होतो. त्या दोरीचा एक बारीक धागा कानामागून जातो, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या पथ्यावर पडली. तिथे कातडीखाली तिळाएवढी चकती बसवली की निरोप किती जोरात गेला ते वाचता येतं. माणूस तोंडाने खोटं बोलेल. तो धागा बोलत नाही, कारण माणूस बोलायला शिकला त्याच्या लाखो वर्षं आधीपासून तो आहे. त्यावरून काढलेल्या आकड्याला नाव मिळालं विश्वासांक.

देशभरातून दहा हजार नमुना नागरिक निवडायचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा मिनिटं त्यांना मोबाईलवर पक्षांची चिन्हं दाखवायची, पुढाऱ्यांचे आणि कार्यकर्त्यांचे चेहरे दाखवायचे, भाषणांचे तुकडे ऐकवायचे. चकतीने नोंद करायची. ज्याचा जेवढा विश्वासांक, त्याला तेवढा निधी. एका नमुन्यामागे लाखभर मतदार धरलेले.

शैलजाला हे फोड करून सांगावं लागलं नाही. बारा बाटल्यांत अख्खं गाव मावतं हे ती रोजच बघत होती.

"एकच अट," बाई म्हणाली. "हे कुणाला सांगायचं नाही. जो सांगेल आणि जो पुढे पोचवेल, दोघांनाही एक वर्ष कैद."

"नवऱ्यालाही नाही?"

"नवऱ्याला तर मुळीच नाही."

त्याच संध्याकाळी तिने भरतला सांगितलं.

भरत मगदूम गावच्या हायस्कुलात गणित शिकवायचा. बावीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांपासून काही लपवलं नव्हतं. मूल झालं नाही, ते दुःखही त्यांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं होतं. कानामागची पट्टी त्याला दिसणारच होती, आणि खोटं सांगायची तिला सवय नव्हती.

भरतने सगळं ऐकून घेतलं. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे आता मी लाखभर मतदारांचा नवरा."

"चेष्टा नको. कुणापाशी बोलायचं नाही हं."

"शैला, मी कुणापाशी बोलू?"

पहिलं वर्ष तिला अभिमानाचं गेलं. कायद्याने खरंच फरक पडला होता. गावातले फ्लेक्स गेले, निवडणुकीतली पाकिटं गेली. पुढारी गटारं साफ करून घेऊ लागले, लोकांचे फोन उचलू लागले. पहिल्या रविवारी अंघोळ करून शैलजा खिडकीपाशी बसायची आणि पडद्यावर एकामागून एक चिन्हं सरकायची. तिला कुणाविषयीच फारसं काही वाटत नसे. लोकधुरा पक्षाचा रांजण आला काय आणि दुसऱ्यांचं कुलूप आलं काय, सारखंच.

तेराव्या महिन्यात पोलिसांची गाडी शाळेच्या मैदानात आली.

दहावीची परीक्षा चालू होती. गणिताच्या प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा सील फुटलेल्या अवस्थेत भरतच्या कपाटात सापडला. सकाळचे साडेदहा वाजले होते, मुलं वर्गात जायला रांगेत उभी होती. त्या रांगेसमोरून त्याला नेलं. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं आणि दुपारपर्यंत तालुकाभर फिरलं. शैलजा पोलीस ठाण्यात पोचली तेव्हा भरत बाकावर बसला होता. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती.

"अहो, काय झालं?"

"मी कपाट उघडलं नव्हतं गं," एवढंच तो म्हणाला. आणि परत तेच.

जामीन नाकारला गेला. तिने दोन वकील गाठले, दोघांनीही प्रकरण हाती घ्यायचं टाळलं. थोरल्या दिरांनी फोन उचलला नाही. केंद्रावरच्या बायका डबा खायला दुसऱ्या टेबलावर बसू लागल्या. चौथ्या दिवशी कुणीतरी घराच्या भिंतीवर डांबराने "पेपरचोर" लिहून ठेवलं. ती ते खरवडत असताना मागून आवाज आला.

"वहिनी, सोडा ते. मी माणूस लावून पुसून घेतो. तुम्ही आधी दोन घास खाऊन घ्या."

तवनाप्पा खोत. गावात सगळे त्यांना आण्णा म्हणत. साठीचा माणूस, चाळीस वर्षं पक्षाचं काम केलेला. तरुणपणी खळीचे डबे घेऊन भिंतींवर पोस्टरं चिकटवायचे, आता गळ्यात रांजणाचं चिन्ह असलेलं उपरणं घालून दवाखाना आणि कचेरीत लोकांची कामं करत हिंडायचे. भरतची आणि त्यांची बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कमिटीत ओळख होती. शैलजा त्यांच्याशी पूर्वी कधी चार वाक्यं बोलली नव्हती.

"आण्णा, ह्यांनी काही केलं नाही हो."

"मला सांगताय व्हय? गुरुजींनी माझ्या लेकीला पास केलं न्हाई, सात मार्कांनी. मी घरी जाऊन हात जोडले तरी केलं न्हाई. त्यो मानूस पेपर चोरंल?"

चार दिवसांत पहिल्यांदा शैलजा मोठ्याने रडली.

पुढचे सात दिवस आण्णांनी कसूर ठेवली नाही. रोज सकाळी दारात यायचे, तिला कोर्टात न्यायचे, वकील त्यांनीच आणला. सबजेलमध्ये भरतला घरचा डबा मिळावा म्हणून ते तीन तास उन्हात उभे राहिले. शेवटी शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण त्यांनी शोधून काढलं. अटकेच्या आदल्या सकाळी शिपायाच्या वेशातला एक अनोळखी माणूस गठ्ठा घेऊन आत शिरताना त्यात स्वच्छ दिसत होता. तो माणूस पुढे कधी सापडला नाही. पण भरत अकराव्या दिवशी सुटला. फाटकातून तो आण्णांच्या खांद्याचा आधार घेत बाहेर आला आणि शैलजाने ते उपरणं दोन्ही मुठींत धरून कपाळाला लावलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पडद्यावर रांजण आला. शैलजाच्या अंगभर ऊब पसरली. श्वास आपोआप लांबला. पाठोपाठ कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यांत आण्णांचाही चेहरा आला, आणि तिला वाटलं की थंडीत कुणी अंगावर वाकळ टाकली. चकती आपलं काम करत होती. त्यात वावगं काय होतं? तिचा विश्वास बसला होता, आणि विश्वास मोजण्यासाठीच तर ते सगळं होतं.

भरत मात्र जसा गेला होता तसा आला नाही. शाळेने त्याला परत घेतलं, पण फळ्यासमोर उभा राहिला की त्याचा हात कापायचा. मागे बाकांवर कुजबूज झाली की तो दचकून वळायचा. जिना उतरताना भिंत धरून उतरायचा. घरी आण्णांचा विषय निघाला की तेवढाच तो सावरून बसायचा. "देवमाणूस," म्हणायचा. "आण्णा नसते तर मी तिथेच संपलो असतो."

ऑगस्टमध्ये एका दुपारी आण्णा पाणीपुरवठा केंद्रावर आले. गळ्यात उपरणं नव्हतं. शैलजा खुर्ची पुसून द्यायला उठली, तर म्हणाले, "वहिनी, दार लोटा. आन् मी बोललो की मला हाकलून द्या. पर आधी ऐका."

आठवड्यापूर्वी जिल्ह्याच्या कचेरीत त्यांचा सत्कार झाला होता. शाल, नारळ, फोटो. नंतर आतल्या खोलीत त्यांना बसवून घेतलं, कारण आता त्यांना मोठी जबाबदारी द्यायची होती. तिथे सुटाबुटातल्या एका तरुणाने भिंतीवर आलेख दाखवले. रेघ सपाट चाललेली असते, मग एकदम खोल खाली जाते, आणि मग वर चढते ती पूर्वीच्या तिप्पट. त्यांच्यात त्याला "भय आणि सुटका" म्हणत. नुसतं चांगलं काम करून रेघ वर जात नाही, तरुण सांगत होता. रस्ता केला, दवाखाना काढला, तर माणूस दोन महिन्यांत विसरतो. पण बुडणाऱ्याला हात दिला की मेंदूतला पहारेकरी तो हात जन्मभर विसरत नाही. तेव्हा आधी माणूस बुडायला हवा.

"एका रेघेखाली आपल्या गावाचं नाव हुतं," आण्णा म्हणाले. "तारखा हुत्या. गुरुजींना आत टाकल्याची. सुटल्याची."

शैलजाच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"अशा तीन रेघा हुत्या जिल्ह्यात. एकीचं पोरगं दोन दिस हरवलं हुतं, आपल्याच मानसांनी शोधून आणलं. तिसरी रेघ मधीच तुटली हुती. मी इचारलं, हे काय? तर म्हणाला, तिथं जरा उशीर झाला. मानूस कोठडीतच गेला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोराबाळांची आन घेतो वहिनी, मला वरनं फोन आला की मगदूम गुरुजी अडचणीत हायत, धावा. मी धावलो. कुणी अडचणीत घातलं हे मला कशाला सांगतील? मी आपला खरा रडलो, खरा पळालो. तेच त्यांस्नी पायजे हुतं." आण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले. "पर माझंबी पाप हाय. तुम्ही नमुना हाय हे वर मी कळवलं. वर्सापूर्वी. मला वाटलं, कळलं तर तुमच्या गल्लीत लाईट देतील, रस्ता करतील. भलंच हुईल म्हनून सांगितलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

आण्णांनी मान फिरवली. खिडकीतून टाकीकडे बघत राहिले.

"आण्णा, मी विचारतेय."

"ते मला इचारू नगासा."

विचारायची गरजही नव्हती. तिने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

तिने त्या दिवसाचे बाराही नमुने तपासले, आकडे भरले, सह्या केल्या. मग आण्णांना फोन करून म्हणाली, "आयोगाकडे जायचं. तुम्ही साक्ष द्याल?" ते हो म्हणाले. आयोगाची वेळ सप्टेंबरच्या पहिल्या रविवारनंतरची मिळाली. भरतला तिने सांगितलं, कामानिमित्त मुंबईला जातेय. तेवीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी खोटं बोलली, आणि ते किती सहज जमलं याचंच तिला नवल वाटलं.

एसटीत तिने आण्णांना एक गोष्ट बजावली. "नाव घ्यायचं नाही. ह्यांना परत आत टाकलं तर हे जगायचे नाहीत."

आयोगाच्या कार्यालयात रेगे नावाच्या अधिकारी बाईंनी दोघांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मध्येच पाणी मागवलं. मग संगणकावर शैलजाचा आलेख उघडून पडदा तिच्याकडे वळवला.

"मगदूम बाई, ह्या महिन्यातला तुमचा विश्वासांक बघा. ह्यांनी तुम्हाला सगळं सांगितल्यानंतरचा."

रेघ खाली आली नव्हती. उलट बोटभर वर गेली होती.

शैलजा बघत राहिली. आपल्याला हे आधीच ठाऊक होतं, असं तिला वाटलं. गेल्या रविवारी रांजण आल्यावर तिने दात आवळले होते, मनात शिव्या घातल्या होत्या, आणि छाती मात्र संथ होत गेली होती. केंद्रावर येऊन, स्वतःचं पाप स्वतःच्या तोंडाने सांगून रडलेला माणूस तिला आणखीच भरवशाचा वाटला होता. पहारेकऱ्याला पक्ष आणि माणूस वेगळा काढता येत नव्हता. त्याला फक्त उपरणं ओळखता येत होतं.

"माझं शरीर शिकलंय हे," ती म्हणाली. "भीती घालून शिकवलंय. मला माहीत आहे ते वेगळं आहे."

"तुम्ही तोंडाने एक सांगता आणि नोंद दुसरं सांगते," रेगे बाई म्हणाल्या. "तोंडावर विसंबायचं नाही म्हणूनच हा कायदा आला ना? उद्या विरोधी पक्ष कुणालाही उभं करून अशी तक्रार करवील." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझं मत विचाराल तर मला तुमचं खरं वाटतं. तुमच्यासारख्या तक्रारी दोन्हीकडच्या पक्षांविरुद्ध येतात. पण कागदावर साखळी पूर्ण लागते. तुमचं नाव यांच्यापर्यंत कुणी पोचवलं? तो दुवा सिद्ध झाला, तर कट सिद्ध करता येईल. कुणाला सांगितलं होतंत तुम्ही?"

भिंतीवरचा पंखा फिरत होता. आण्णांनी शैलजाकडे पाहिलं.

"कुणालाही नाही," शैलजा म्हणाली.

"खोत, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आठवत न्हाई मॅडम. वय झालं."

रेगे बाईंनी कागदावर "निराधार" असा शेरा मारला आणि तो शेरा कोरडा होईपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शैलजा घरी आली तेव्हा भरत अंगणात तुळशीला पाणी घालत होता. तिच्या हातातली पिशवी घ्यायला त्याने हात पुढे केला आणि ती दचकून मागे सरली. दोघांनाही ते कळलं.

"काय झालं?"

तिने पायरीवर बसून सगळं सांगितलं. आलेख, तारखा, झेरॉक्सच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात दिसलेला तो माणूस, कोठडीत मेलेला तिसरा. कुणाच्या तोंडून नाव फुटलं ते मात्र तिने सांगितलं नाही. भरत उभाच होता. हातातल्या तांब्यातलं पाणी त्याच्या पायांवर सांडत होतं.

"मीच सांगितलं आण्णांना," तो म्हणाला. "बस्तीत. पर्युषणात."

"का?"

"मुख्याध्यापकाची जागा चार वर्षं अडकली होती. आण्णांचं वर वजन आहे. मी नुसतं म्हटलं की आमच्या घरातही आता लाख मतांचं वजन आहे. हसत म्हटलं गं. मला वाटलं, तेवढ्याने काय होतंय."

शैलजाला ओरडावंसं वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "मी आयोगात खोटं सांगून आले. कुणालाच सांगितलं नाही म्हणून."

"माझ्यासाठी?"

तिने मान हलवली.

"आणि तो तिसरा? जो मेला? त्याला बायको असेल ना?"

"असेल."

भरत आत गेला. ती स्वयंपाक करून वाढते तोवर तो टेबलापाशी बसून काहीतरी लिहीत होता. सकाळी ती केंद्रावर गेली आणि दुपारी परत आली तर घराला कुलूप होतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि चिठ्ठी होती. "साखळी पूर्ण करायला जातोय. सकाळच्या गाडीने. तू डबा आणत जा, बाकी काही करू नको." अक्षर फळ्यावरच्यासारखं ठसठशीत होतं, कुठेही हात कापलेला दिसत नव्हता.

भरतच्या जबाबानंतर प्रकरण उभं राहिलं. वर्तमानपत्रांत आठ दिवस गाजलं. भरतला एक वर्ष, आण्णांना एक वर्ष. शैलजालाही कैद झाली असती, पण नमुना नागरिक फिर्यादी असेल तर तिला माफी, असं एक कलम रेगे बाईंनी कुठूनतरी शोधून काढलं. सुटाबुटातला तो तरुण आणि दोन पोलीस आत गेले. लोकधुरा पक्षाने "काही अतिउत्साही कर्मचाऱ्यांच्या कृत्याबद्दल" खेद व्यक्त केला. त्यांचा तीन महिन्यांचा निधी रोखला गेला.

मग हिवाळी अधिवेशनात दुरुस्ती आली. नमुन्याची गुप्तता टिकत नाही, असं सरकार म्हणालं, आणि विरोधी पक्षांनी बाकं वाजवली. कारण सगळ्यांकडेच तसल्या रेघा काढणारे तरुण होते. दहा हजार माणसांची नावं फुटतात, तर नमुनाच नको. प्रत्येक प्रौढ नागरिकाच्या कानामागे चकती बसेल. मग कुणी कुणाचं नाव फोडायचा प्रश्नच राहणार नाही.

शैलजाने ती बातमी केंद्रावर वाचली. नळ कुठला तपासणार हे कळलं, तर कुणी तेवढाच नळ नासवील. पण सगळेच नळ तपासायचे ठरले, तर काय काय नासवता येईल? तिला एकदम अख्ख्या कुरळवाडची घरं दिसली, एकाआड एक, भीती आणि सुटका, भीती आणि सुटका. तिने आयोगाला पत्र लिहिलं, आमदारांना लिहिलं, दोन वर्तमानपत्रांना लिहिलं. एकाने ते वाचकांच्या पत्रांत अर्धं कापून छापलं. जानेवारीत भरतच्याच शाळेत चकती बसवायचं शिबिर लागलं. माणसं रांगेत हसत-बोलत उभी होती. नंतर शिरा होता.

फेब्रुवारीत ती जेलवर भेटीला गेली. भेटीच्या खोलीत मधोमध लोखंडी जाळी होती आणि तिच्या खाली हात जाईल एवढी फट. भरत वाळला होता, पण बसला होता ताठ.

"आण्णा कसे आहेत?"

"गुडघे दुखतात. वरची जागा मी त्यांना देत नाही, खालीच झोपवतो. कैद्यांचे अर्ज लिहून देतात दिवसभर. चाळीस वर्षांची सवय." तो किंचित हसला. मग कानामागे बोट नेऊन म्हणाला, "परवा आम्हालाही बसवल्या. रविवारी सगळ्यांना ओळीने बसवलं. रांजण आला आणि मी घाबरून उठून भिंतच धरली. शेजारचा हसायला लागला." त्याने विचारलं, "तुझं?"

शैलजाने मान खाली घातली. "माझं शरीर अजून शांतच होत जातं. किती महिने झाले. मी काय काय करून बघितलं. तो कोठडीतला माणूस आठवते, तुम्हाला नेलं तो दिवस आठवते. काही उपयोग होत नाही. रांजण दिसला की वाटतं, आता कुणीतरी येईल."

शेजारच्या जागेवर एक म्हातारी जाळीपलीकडच्या मुलाला कुठल्याशा शेतातल्या पाइपाबद्दल सांगत होती.

"आणि मला बघून?" त्याने विचारलं.

तिला "बरं वाटतं" म्हणता आलं असतं. एवढं खोटं आता तिला सहज जमलं असतं. त्याऐवजी तिने फटीतून डावा हात पलीकडे सरकवला, तळवा वर करून. भरतला आधी कळलं नाही. मग त्याने तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी लागेपर्यंत ती हळूहळू सरकवली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून तो मोजू लागला. त्याचे ओठ हलत होते. शैलजा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि स्वतःच्या छातीत काय चाललंय हे तिला कळत नव्हतं.

शिपाई म्हणाला, वेळ झाली. भरतने एक बोट वर करून त्याला थांबायची खूण केली आणि घड्याळावरची नजर न काढता मोजतच राहिला.